जठराच्या तपासणीस परवानगी मिळणेबाबत

पालघरला सरकारी कचेऱ्यांसमोर पत्र्याच्या शेडखाली बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. त्यापुढचे शिक्षण मला अर्जदारांनी दिले, आणि ते शाळेतल्यापेक्षा अधिक टिकाऊ निघाले. वकिलाला कायदा ठाऊक असतो, मला साहेब ठाऊक असतात. कोणत्या टेबलावर ‘नम्र विनंती’ चालते आणि कोणत्या टेबलावर ‘अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल’ हे वाक्य लागते, याचे ज्ञान पदवीबरोबर मिळत नाही. म्हणून पदवीधरही माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसतात.

बोईसर-तारापूरच्या बाजूने येणाऱ्या अर्जदारांच्या तक्रारींत पोट हमखास असते. कोणाचे जळते, कोणाचे फुगते, कोणाला अन्न पाहिले की मळमळते. आणि प्रत्येकाला दोषी ठाऊक असतो: कारखान्याचा नाला, टँकरचे पाणी, शेजारच्या चाळीतले भाडेकरू, सातपाटीहून आलेली ओलसर सुकट. हे दोषी नेहमीच निर्दोष असतात असे माझे म्हणणे नाही. परंतु माणसाला आपले दुखणे बाहेरून आलेले हवे असते, कारण बाहेरच्याविरुद्ध अर्ज करता येतो. जे दुखणे घरातून, मायेच्या हाताने आले, त्याच्याविरुद्ध अर्ज घेणारी खिडकी कोणत्याही कचेरीत नाही. तसा एक अर्ज मी लिहिला आहे. लिहिणारा मी, अर्जदार माझी वहिनी, आणि ज्यांच्या नावे तो लिहिला त्या माझ्या मातोश्री.

आमचे घर कुंभवलीला. घरात आई, थोरला भाऊ, वहिनी आणि मी. मी लग्न केले नाही. त्याची कारणे सांगण्याचे हे स्थळ नव्हे. भावाची मुलगी सासरी आहे, आणि तिच्याही घरी सासू आहे, म्हणून तिला या हकिकतीतून वगळतो. घरामागे आम्ही पाच खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत. एकेका खोलीत कारखान्यांत पाळीने राबणारे सात-आठ परप्रांतीय कामगार राहतात. दिवसपाळीचा उठला की त्याच गादीवर रातपाळीचा आडवा होतो, आणि एकाने विसळलेल्या ताटात दुसरा जेवतो. त्यांच्यासाठी एक नळ आहे. आईने त्यांच्याकडे पाहून नाक मुरडावे आणि त्यांच्याच भाड्यावर देवाला पेढे आणावेत, असा आमच्या घराचा क्रम होता.

दुसरा एक क्रम होता, तो वहिनीचा. दादा जेवून उठला की त्याच्याच ताटात ती वाढून घेई. लग्न होऊन आली त्या दिवशी आईने तिला तसे बसवले आणि ती तशीच बसत राहिली. याला आमच्याकडे वळण म्हणतात. दादाने भाताचा एक ढीग तिच्यासाठी कडेला ठेवायचा, हाही वळणाचाच भाग. दादा रागात असला की तो ढीग ठेवत नसे. उलट ताटातच हात धुई. मग वहिनी ते पाणी मोरीत ओतून, त्याच ताटाला हाताने पुसून, त्यातच वाढून घेई. दुसरे ताट घ्यावे असे तिला कोणी म्हटले नाही, आणि तिनेही ते मागितले नाही. मी समोर बसून जेवत असे. मला हे दृश्य इतके परिचयाचे होते, की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहावे तसे मी त्याच्याकडे पाहत असे.

दादा एका कारखान्यात पिंपे हलवण्याच्या कामावर होता. कंबर दुखे म्हणून मेडिकलवाल्याकडून रोज गोळ्या घेई, आणि गोळीवर विडी ओढी. एके दिवशी काळी डांबरासारखी शौचाला झाली आणि तो कारखान्याच्या फाटकापाशीच कोसळला. बोईसरच्या एका खासगी इस्पितळात नेले. डॉक्टरांनी दुर्बीण घातली, आतला व्रण पाहिला, जठराच्या अस्तराचा कण काढून तपासला आणि मला बोलावले. घरातला जाणता म्हणून मीच गेलो.

“जठरात जंतू आहे,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी त्याचे लांबलचक नाव सांगितले. मी ते दोनदा विचारून लिहून घेतले.

“कसा दिसतो?”

“मळसूत्रासारखा वळलेला असतो. आम्लात सगळे मरतात, हा जगतो.”

“हा रोग फार लोकांना होतो का?”

“रोग थोड्यांना होतो, जंतू पुष्कळांना असतो. जगातल्या निम्म्या माणसांच्या पोटात तो आहे असं मानतात. आपल्याकडे निम्म्याहून जास्त. बहुतेकांना मरेपर्यंत पत्ताही लागत नाही. काहींना असा व्रण होतो. अगदी थोड्यांना कर्करोग. तुमच्या भावाने त्यात गोळ्या नि विडीची भर घातली.”

“येतो कुठून?”

“लहानपणीच येतो, बहुतेक वेळा. घरात गर्दी, पाणी खराब, हात न धुता भरवणं, एका अंथरुणात चार मुलं, सगळ्यांत एक भांडं. आणि ज्या घरात एकाला आहे, त्या घरात दुसऱ्याला यायला वेळ लागत नाही. आईकडून मुलाला येतो, हे तर फार आढळतं. काही बायका घास चावून भरवतात ना, तेही एक कारण.”

मी आणखीही विचारले. शेवटी डॉक्टर हसून म्हणाले, “तुम्ही अर्ज लिहा हो, औषध मी लिहितो.” चौदा दिवसांची औषधे मिळाली. दादा ती घेऊन बरा झाला. पुन्हा तपासले तेव्हा जंतू सापडला नाही.

दादा इस्पितळातून घरी आला त्या संध्याकाळी आईने मला समोर बसवून विचारले, “कुटून आला तो किडा?”

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. दादा लहानपणी अशक्त होता. त्याला आईने भात चावून चावून भरवला आणि म्हणून तो जगला, ही कथा आमच्या घरात आरतीसारखी नेमाने म्हटली जाते. आईसमोर आईचे नाव कारण म्हणून घ्यावे, अशी आमच्या घरात रीत नाही. मी म्हणालो, “घरातल्याच माणसाकडून येतो. एका भांड्यात जेवल्याने.”

आईने मान वळवली आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या वहिनीकडे पाहिले. एका भांड्यात जेवणारे माणूस घरात एकच होते.

“मंग बरोबर,” आई म्हणाली. “हिच्याच तोंडाचं लागलं माज्या पोराला.”

वहिनी केळव्याकडची. तिच्या माहेरचे लोक वाडीवाले. नारळ, केळी, पानवेली. बोलणे मोजके आणि धारदार. एरवी ती धार ती म्यानात ठेवी. त्या दिवशी तिने ती काढली.

“आई, मी ह्यांचं उष्टं खाल्लं. ह्यांनी माझं एकदा तरी खाल्लं का? मग माझं ह्यांच्या पोटात गेलं कसं, तेवढं मला समजावून सांगा.”

“बायकोचं पोट नवऱ्याला बादतं. तुला नाय कलायचं.”

“मग नवऱ्याचं बायकोला बाधत नसेल.”

“तुला काय झालंय? उबी हाय ना धडधाकट!”

दादा खाटेवर पडून ऐकत होता. दोघींपैकी कोणी गप्प व्हावे असे त्याला वाटत असावे, कारण तो म्हणाला, “जरा पाणी द्या कोणीतरी.” पाणी वहिनीनेच दिले. ती पेला परत घेऊ लागली तशी आई ओरडली, “धू तो, साबनान धू!”

दुसऱ्या दिवसापासून वहिनीचे ताट वेगळे झाले. मागच्या खोलीतला एक भाडेकरू गावी जाताना एक चेपलेले जर्मनचे ताट टाकून गेला होता. ते आईने तिला दिले. ज्या खोलीत एका ताटात आठ जण जेवले, त्या खोलीतले ते ताट. ते मोरीच्या कट्ट्यावर, बाकीच्या भांड्यांपासून दूर, भिंतीला टेकून उभे असे. दादा एकदा कुरकुरला, “आता माझं ताट राखेने दोनदा घासता का? राख तशीच राहते त्याला.” त्याला होणारा त्रास तेवढाच होता. बरा झाल्यावर त्याच्या अंगाला मांस चढले, आणि तो सुकट घातलेल्या वांग्याची भाजी मागून मागून खाऊ लागला.

वहिनीला मात्र त्याच सुमारास वरच्या पोटात दुखू लागले. की आधीपासूनच दुखत होते आणि आता तिने ते लपवणे सोडले, हे मला सांगता येणार नाही. जेवण झाले की ती छातीखाली मूठ दाबून बसे. चार घासांत तिचे पोट भरे. आई म्हणे, “नाटकं. ताट वेगलं केलं म्हनून.” वहिनीचे ब्लाऊज सैल झाले, तिने ते टाके घालून आवळले, पुन्हा सैल झाले, पुन्हा आवळले.

एके दुपारी, आई झोपलेली असताना, ती माझ्या टेबलापाशी आली. सुट्टीच्या दिवशी मी घरीही अर्ज लिहितो.

“भावोजी, साऱ्या जगाचे अर्ज लिहिता. माझा एक लिहा.”

“कोणाच्या नावे?”

“आईंच्या.”

मला हसू आले. तिला आले नाही.

“माझी तपासणी करा म्हणून. आणि माझी एकटीची नको. आईंची करा, तुमची करा, ह्यांची परत करा. घरात जेवढी तोंडं आहेत तेवढ्यांची.”

“वहिनी, तपासणी करायची तर तुम्ही बोईसरला जाऊन या. सरकारी दवाखानाही आहे.”

“गुपचूप गेले तर रोग माझा ठरला. मी चोर आहे म्हणून लपूनछपून औषध घेते, असंच होईल ते. मला ह्या घराने वेगळं बसवलं; आता ह्या घरानेच मला तपासणीला पाठवायचं. निकाल सगळ्यांसमोर लागू दे.”

दिराने वहिनीला घेऊन डॉक्टरकडे जाण्याची आमच्याकडे पद्धत नाही, आणि नवरा आईला विचारल्याशिवाय नेणार नव्हता. तेव्हा तिचे म्हणणे मला रास्त वाटले. मी कोरा कागद काढला आणि माझ्या हातून आजवर झालेला सर्वांत निर्दोष अर्ज लिहिला. ‘प्रति, माननीय सासूबाई, यांचे सेवेशी. विषय: जठराच्या तपासणीस परवानगी मिळणेबाबत. महोदया, अर्जदार आपल्या घरी सून म्हणून नांदत असून, अर्जदारास मागील काही महिन्यांपासून वरच्या पोटात वेदना, अन्नावर वासना नसणे व वजन घटणे हा त्रास आहे. अर्जदाराच्या पतीस आढळलेला जंतू घरातील आणखी कोणाच्या पोटात आहे हे तपासणीवाचून ठरविता येत नाही. तज्ज्ञांचे मते हा जंतू बहुतांशी बालपणी, गर्दीच्या घरात, अशुद्ध पाण्यातून व घरातील मोठ्या माणसांच्या तोंडून मुलांकडे येतो. सबब, घरातील सर्व व्यक्तींची तपासणी व्हावी, ही नम्र विनंती.’

आईला वाचता येत नाही. जेवणानंतर मी तो तिला मोठ्याने वाचून दाखवला. ‘माननीय’ या शब्दाला तिने पाठ सरळ केली. ‘घरातील मोठ्या माणसांच्या तोंडून’ येथे ती थांबली.

“परत वाच.”

मी परत वाचले.

“म्हंजे मी?”

“तज्ज्ञांचे मत आहे.”

“चावून चावून जगवला त्याला. आईच्या घासाला किडा म्हनतोस? तुलाबी तसाच वाडवलाय!”

“म्हणून तर माझीही तपासणी मागितली आहे.”

तिने माझ्या हातातून कागद घेतला, त्याची घडी केली आणि देवाच्या फळीवर, उदबत्तीच्या डब्याखाली ठेवला. मग ती वहिनीकडे पाहून, माझी कचेरीतली गाऱ्हाणी वर्षानुवर्षे ऐकून शिकलेल्या आवाजात म्हणाली, “ठेवलाय. बगू.”

दादा मोठ्याने हसला. त्या घरात फार दिवसांनी कोणी हसले होते.

जो छळ मी पोटासाठी रोज पाहतो, तो मला आमच्या स्वयंपाकघरात यापूर्वी कधी दिसला नव्हता. वहिनीने दोन आठवड्यांनी विचारले, “आई, अर्जाचं काय झालं?” आई म्हणाली, “सायेब जागेवर नाय.” पुढे विचारले तेव्हा, “चवकशी चालू हाय.” पुढे, “कागद अपुरे हायत, बाय. तुज्या आईचा दाकला आन, तिच्या पोटात काय होतं त्याचा.” वहिनीची आई वारलेली. आई हे सारे तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता बोले. तिचा आवाज वाईट नव्हता. उलट तिला करमत होते. माझ्या टेबलावर येणाऱ्या माणसांची मी जी थट्टा घरी येऊन सांगत असे, तिचा शब्दन् शब्द तिला पाठ होता.

वहिनी म्हणाली, “भावोजी, आता काय करायचं असतं?”

“स्मरणपत्र.”

“लिहा.”

मी स्मरणपत्र लिहिले, वाचले. तेही उदबत्तीच्या डब्याखाली गेले. यातला काही भाग हट्ट होता, हे मला दिसत होते. आता त्या दोघींपैकी कोणालाच माघार घ्यायची नव्हती. वहिनीने दुखण्यालाच आपला साक्षीदार केले होते, आणि हा साक्षीदार दिवसेंदिवस तिलाच खात होता.

गौरीच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिला मोरीत उलटी झाली. मी हात धुवायला गेलो होतो. आदल्या दिवशीच्या उसळीतले वाटाणे जसेच्या तसे पडले होते. सालही सुटली नव्हती. आई मागून म्हणाली, “गौरीचा परसाद वकला. पोटात जागा नाय आन खादाडी किती!”

दुसऱ्या दिवशी पालघरला जाण्याआधी मी बोईसरच्या डॉक्टरांकडे गेलो आणि पाहिले ते सांगितले. त्यांनी हातातले पेन खाली ठेवले.

“कालचं अन्न आज बाहेर येतंय?”

“हो.”

“कितीदा?”

“मी एकदा पाहिलं. ती म्हणते, पुष्कळदा.”

“मग जठराच्या खालच्या तोंडाशी व्रण भरून वण झाला असणार, वाट बंद होत आलीय. तिला आजच आणा. महिनोनमहिने काय करत होतात?”

“परवानगीची प्रतीक्षा.”

“कोणाची?”

मी सांगितले. डॉक्टर माझ्याकडे असे पाहू लागले, की मला त्यांच्या टेबलावरचा कागद उचलून त्यावर काहीतरी लिहावेसे वाटले.

घरी येऊन मी दादाला म्हणालो, “वहिनीला आज न्यायचं आहे.” दादा म्हणाला, “आईला विचार.” मी आईकडे गेलो. ती ओसरीवर बसून सुकट निवडत होती. बोईसरहून पालघरला अर्ज लिहायला निघालेला मी, तिच्यासमोर उभा राहून, एका वाक्याचाही कागद न काढता बोललो. माझ्या व्यवसायात हे क्वचितच घडते.

“आई, वहिनी मेली तर केळव्याहून तिचे भाऊ येतील. पोलिसांत जायच्या आधी ते कागद लिहून घ्यायला पालघरला येतील. पालघरला ते काम सर्वांत चांगलं कोण करतं, ते तुला ठाऊक आहे. आणि मी आलेलं गिऱ्हाईक परत पाठवत नाही.”

तिचे हात थांबले.

“आईच्या विरुद लिवशील?”

“लिहिणाऱ्याला विरुद्ध नि बाजूने असं काही नसतं. दोन्ही अर्ज उदबत्तीच्या डब्याखाली आहेत. सासूला कळवलं होतं, याचा पुरावा म्हणून ते जोडावे लागतील.”

सुकटीतला एक खडा बाजूला काढून ती म्हणाली, “जा. ने तिला. आन माजी डबीबी ने, म्हंजे तुज्या पोटात थंडावा पडेल.”

डबी म्हणजे शौचाच्या तपासणीची डबी. डॉक्टरांनी सकाळीच घरातल्या प्रत्येकासाठी एकेक दिली होती, आणि ती पिशवी माझ्या हातात होती. दादा वहिनीला रिक्षातून घेऊन गेला. बायकोला घेऊन तो रिक्षात बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला. डब्या मी पोचवल्या, वर चिठ्ठ्या माझ्याच हस्ताक्षरात. पालघरच्या साहेबांना अशी सुबक चिठ्ठी कधी मिळाली नसेल.

निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी आम्हा चौघांना बसवले. आई स्वतः आली होती. आपण निर्दोष ठरणार हे तिला ऐकायचे होते. दादाच्या पोटात आता जंतू नव्हता. आईच्या होता. वहिनीच्या होता. माझ्याही होता. एका दिवसाचाही त्रास न झालेला, आंबट ढेकरही न आलेला मी, चाळिशी कधीच ओलांडलेला, लहानपणापासून तो पोटात बाळगून होतो. मला राग आला. कोणावर, ते ठरेना.

“घरात चार माणसं,” डॉक्टर म्हणाले, “आणि चौघांनाही होता. असंच असतं. ज्या घरात शोधाल त्या घरात सापडतो.”

“आईकडून माझ्याकडे नि दादाकडे आला?” मी विचारले.

“ते आता कोण सांगणार? लहानपणीचं पाणी असेल, भांडी असतील, घास असेल. मोठेपणी तो सहजासहजी लागत नाही. पण वहिनींनी रोज नवऱ्याच्या ताटात जेवून ती शक्यता वाढवलीच असेल. नक्की मला विचारू नका.”

मी आईकडे पाहिले. आता तिचा चेहरा उतरेल असे मला वाटले होते. ती म्हणाली, “डाक्तर, माज्या पोटात किती वरसं असंल?”

“जन्मभर असेल.”

“आन मला काय झालं?”

“काही नाही. तुमचं नशीब चांगलं.”

“नशीब नाय. पोट चांगलं.” ती उठली, लुगड्याचा पदर खोचला. “किडा सगल्यांच्यात हाय म्हनता. मग दोष किड्याचा कसा? हिचंच पोट कच्चं. हाय की नाय?”

डॉक्टरांनी तिलाही औषध देऊ केले. तिने घेतले नाही. जन्मभर राहिलेल्या भाडेकरूला ह्या वयात कशाला काढायचा, असे ती म्हणाली. वाद घालण्यात मी कधी हरत नाही, परंतु अर्ध्या सत्याला उत्तर देणे खोट्याला उत्तर देण्यापेक्षा अवघड असते. मी माझी चौदा दिवसांची औषधे घेतली. तोंडाला गंजलेल्या लोखंडाची चव राहिली. माझ्या टेबलावरचा चहा मी त्या दिवसांत टाकून देई.

वहिनीला गोळ्यांनी भागणार नव्हते. वाट जवळजवळ बंद झाली होती. मुंबईच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात तिचे पोट उघडले आणि जठराला आतड्याशी जोडून अन्नासाठी दुसरी वाट काढली. दादा तिकडे होता. मी एकदा गेलो. खाटेवर ती इतकी बारीक दिसत होती की चादरीखाली कोणी आहे की नाही असे वाटावे. मला पाहून ती म्हणाली, “भावोजी, ह्या इस्पितळात अर्ज लागत नाही. नुसतं ओरडावं लागतं.” मग हसू आले म्हणून टाके दुखले, आणि दुखले म्हणून माझ्यावरच चिडली.

तिला घरी आणले तेव्हा दादाच्या हातात इस्पितळाचा एक कागद होता: दर दोन-अडीच तासांनी थोडे थोडे खाणे, सावकाश, पूर्ण चावून, एका वेळी पोटभर कधीही नाही, उपाशी कधीही नाही. मी तो आईला वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने मऊ भात शिजवला, वर जरासे तूप घातले आणि एक स्वच्छ स्टीलचे ताट घेतले. देवाचा नैवेद्य अजून व्हायचा होता. दादाने चहाही घेतला नव्हता. आमच्या घरात स्त्रीने सर्वांच्या आधी जेवायला बसल्याचे मला आठवत नाही.

आई ओसरीवरून आत आली आणि उंबऱ्यावरच बसली.

“आदी देवाचं होऊ दे.”

“डॉक्टरांनी वेळ लिहून दिलीय.” वहिनीने पहिला घास घेतला आणि चावत राहिली. आम्ही तिघे तिच्याकडे पाहत होतो. एवढा वेळ एक घास चावणारे माणूस आम्ही पाहिले नव्हते.

“सून जेवतेय आन सासू बगतेय. असं ह्या घरात कदी नाय झालं.”

वहिनीने घास गिळला. “बघा. सावकाश जेवायला सांगितलंय. तुम्हाला वेळ आहे ना?”

“जीब लय चालायला लागली. पोट कापलं, जीब नाय कापली.”

“जीभ कापायला लागते तेव्हा परवानगी कोणाची घेतात, आई?”

आई उठली. फळीवरून तिने उदबत्तीचा डबा उचलला, एक काडी काढली आणि देवासमोर न लावताच हातात धरून उभी राहिली. दादाने खाटेवरून हाक मारली, “अगं, चहा!”

वहिनीच्या तोंडात घास होता. दादाने दुसरी हाक मारली, मग थोडा थांबला, आणि उठून स्वतः चुलीपाशी गेला. साखर कुठे ठेवतात ते त्याला ठाऊक नव्हते. तो एकेका डब्याचे झाकण उघडून पाहू लागला. वहिनी चावत राहिली.